डाव्या सीटवरचे चाळीस किलो

देवळीच्या पुलगाव रोडवरच्या कापसाच्या बंद जिनिंगमधून एक जुनी गाडी उचलून आणायची, एवढंच ते काम होतं. एप्रिलची सकाळ होती. मंजुषानं ट्रॅक्टरची ट्रॉली घेतली, साखळी घेतली, दोन हमाल घेतले आणि उन्हं तापायच्या आत परत येते असं सांगून निघाली.

मंजुषा डेंटर. ठोकरलेल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करायचा, सडलेला कापून नवा जोडायचा, वर रंग मारायचा, हा तिचा धंदा. गॅरेज बापाचं, अण्णाजींचं. नऊ वर्षांपूर्वी अण्णाजींचे हात थरथरायला लागले तेव्हा गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं की आता शटर पडतं. मंजुषानं हातोडी उचलली. शटर पडलं नाही, पण गावाची खोडही गेली नाही. अजूनही एखादं गिऱ्हाईक यायचं, तिच्या डोक्यावरून आत डोकवायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी गेला?" ती हातातलं काम न थांबवता सांगायची, "मिस्त्रीच बोलून राह्यली तुमच्यासंग."

गाडी विलायती होती. लांब नाकाची, दोनच सीटांची, डोक्यावर टप नसलेली. जमिनीला लागून, बुटकी. जिनिंगच्या मालकानं १९६४ साली हौसेनं घेतलेली. त्या घराण्याचा नातू रजत आता नागपूरला असतो. तिथं जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, त्यात त्याला आजोबांची गाडी उतरवायची होती. मूळची जशी होती अगदी तशी, आणि दसऱ्याला. आधी तो बबनरावांच्या मोठ्या गॅरेजात गेला. बबनरावांनी शेडमध्ये जाऊन गाडी पाहिली आणि हात झटकले. "थे गाडी एका अंगाले कलते. अन् बाईच्या हाती देसान तं पुरी लोळन," असं ते चहाच्या टपरीवर म्हणाले. देवळीत टपरीवर बोललेलं पोहोचायला पोस्ट लागत नाही. मंजुषानं त्याच संध्याकाळी रजतला फोन केला. ही गाडी तिच्या हातून, तिच्या गॅरेजातून, सरळ उभी राहून बाहेर पडली की मिस्त्री कुठं गेला हे पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं, पण ते अगदी जीव तोडून हवं होतं.

जिनिंगच्या शेडचं दार उघडलं तसा आतून सरकीचा वास आला. तेलकट, ताजा, नाकात बसणारा. साठ वर्षं तिथं कापसाचं बोंडदेखील शिरलेलं नव्हतं. हमाल एकमेकांकडं पाहायला लागले. मंजुषानं ताडपत्री ओढली. गाडी डाव्या अंगाला झुकून उभी होती. टायर हवा जाऊन जमिनीला चिकटलेले होते, मग गाडी कलणारच, असं म्हणून तिनं साखळी अडकवली.

गॅरेजात गाडी उतरवली तेव्हा अण्णाजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी वर्षांचं शरीर, पण नजर शाबूत. त्यांनी गाडी पाहिली आणि हातातला चहाचा कप कलंडला.

"कुठून आणली?"

"जिनिंगमधून. रजतबाबूची हाये."

"उद्याच्या उद्या वापस नेऊन दे."

"काऊन?"

"देऊन ये म्हटलं ना मंजू."

"बाबा, बोलाचं असन तं पुरं बोला. अर्धं बोललेलं मी नाई ऐकत."

अण्णाजी पुरं बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. पुढचे सहा महिने ते तसेच, गाडीकडं पाठ करून बसत राहिले. मंजुषाला राग येई. म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात, पण तिच्या मते तो आधीपासून असतो, फक्त तेव्हा लपवत नाही.

काम मात्र देखणं होत गेलं. तिनं सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. दाराच्या बिजागरीखाली, जिथं ऊन कधी पोहोचलं नव्हतं, तिथं पातळ ब्लेडनं खरवडून मूळचा रंग शोधला; तो निघाला सायीचा, किंचित पिवळट. इंजिन नागपूरला बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायला, पाठवलं. सीटचं चामडं फाटलं होतं ते निगुतीनं शिवलं. आतलं घोड्याच्या केसांचं भरण मूळचं होतं म्हणून तसंच ठेवलं. पावसाळा सरला, नवरात्र बसलं, गाडी चमकायला लागली. आणि डाव्या अंगाला कललेलीच राहिली.

टायर नवे होते. तिनं पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मागच्या कमान्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, वर्ध्याहून नवे पाटे घडवून आणले. उपयोग नाही. मग डावी कमानी उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावून पाहिली. दोष कमानीत असता तर गाडी दुसऱ्या अंगाला कलली असती. ती डावीकडंच कलली. चॅसीला दोरी लावून पाहिली, पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली. सांगाडा सुतात होता. मंजुषानं पान्हा भिंतीवर फेकला आणि बबनरावांच्या नावानं एक शिवी हासडली, जिचा बबनरावांशी काही संबंध नव्हता.

गाडीच्या जुन्या पुस्तकात तिचं रिकामं वजन लिहिलेलं होतं, सातशे ऐंशी किलो. आरटीओच्या तपासणीच्या कागदांना वजनाची चिठ्ठी लागणारच होती. म्हणून अष्टमीच्या सकाळी ती गाडी चालवत कापसाच्या मार्केटातल्या धरमकाट्यावर गेली. गाडी पाटावर उभी केली, उतरली आणि काचेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. काटेवाले भैयाजी कॉम्प्युटरपुढं बसले होते. उजेड लख्ख होता. मागं सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली.

भैयाजींनी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. "मंजुषाताई, रिकाम्या गाडीचं वजन पायजे ना तुमाले?"

"हो."

"मंग त्या बाईले उतरवा ना."

"कोणत्या बाईले?"

"थे काय, डाव्या सीटवर..." भैयाजी बोलता बोलता थांबले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. पुन्हा बाहेर पाहिलं. मग त्यांनी बटण दाबलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

चिठ्ठीवर आठशे वीस होतं.

मंजुषानं गाडी गॅरेजात आणली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. माणसं जेवायला गेली होती. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, लाइट गेली होती, पंखा थांबला होता. ती ड्रायव्हरच्या सीटवरच बसून राहिली. मान मात्र डावीकडं वळवली नाही. आधी वास आला. सरकीचा. त्याच्याआड घामाचा आणि चुलीच्या धुराचा, कामावरून आलेल्या बाईच्या अंगाला येतो तसा.

"कोण हाये?" ती हळूच म्हणाली.

बाजूच्या सीटमधलं भरण कुरकुरलं. कोणी नीट सावरून बसावं तसं.

"हे पाह्य... मी मंजुषा. अण्णाजीची पोरगी. हे गॅरेज माहं हाये. माह्या कामात मी कोणालेच आडवं येऊ देत नाई... उतर."

काही झालं नाही. मग मंजुषानं डावा हात उचलला आणि सीटवर ठेवायला गेली. हात सीटपर्यंत पोहोचलाच नाही. चार बोटं वरच अडला. हाताखाली जाडंभरडं सूत लागलं, लुगड्याचं, आणि त्या सुताखालून ऊब आली.

ती घाबरली. खोटं कशाला बोला, पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठं? स्वतःच्याच गॅरेजातून? बबनरावांच्या टपरीपुढून? तिनं हात अलगद उचलून मांडीवर घेतला आणि बसून राहिली.

"थे नाई उतरत मंजू," मागून आवाज आला. "साठ वर्सं झाले. नाई उतरत."

अण्णाजी खुर्ची सोडून आत आले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते गाडीकडं तोंड करून उभे होते.

"तुमी वळखता?"

"जिजा नाव होतं. गोंडाची सून. जिनिंगमधी कापूस वाह्यची." अण्णाजींनी भिंतीचा आधार घेतला. "गाडी आली तवा दसरा होता. पूजा झाली. मालकाच्या घरची रीत अशी का नव्या गाडीच्या पहिल्या चकरीले डावी सीट रिकामी जाऊ द्याची नाई, सवाष्ण बसवाची. अन् मालकीण माहेरी गेलती. मालकाचा पोरगा, लहान मालक, मस्तीत होते. जिजा समोरून टोपलं घेऊन चालली होती. म्हणे, बस वो, तुले गावात एक चक्कर मारून आनतो. तिले हळदीकुकू लावलं, बसवलं. थे बसली. अशी बसली... रानीवानी."

"मंग?"

"मोठे मालक आले, रजतबाबूचा आजा. पाह्यलं. म्हणे, हे कोणं बसवलं चामड्याच्या सीटवर? उतर. जिजा म्हणे, मी आपल्या मनानं नाई बसली. तुमीच बसवलं. चक्कर झाल्याबिगर उतरत नाई." अण्णाजींनी गाडीच्या डाव्या दाराकडं पाहिलं. "आधी सारे हासले. मंग कोणीच हासत नव्हतं. दुपार झाली, सांज झाली. उतरलीच नाई. मालक म्हणे, राहू द्या बसून, रातभर बसन तं अक्कल येईन. गाडीसकट शेडमधी लोटली अन् म्हणे, कुलूप लाव."

"कोणं लावलं?"

अण्णाजींनी आपले थरथरते हात पुढं केले. जणू तेच उत्तर होतं.

"वीस वर्साचा होतो मी, जिनिंगमधीच कामाले. मालक म्हणे लाव, म्हून लावलं. दारापाशीच निजलो. म्हटलं वाजवीन तं उघडीन. एकदाबी नाई वाजवलं तिनं... सकाळी कुलूप उघडलं तं आत कोणी नाई. खिडकीले गज, दार एकच. गाडी तेवढी डाव्या अंगाले बसलेली. मालकानं तिच्या घरच्याइले सांगतलं का पळून गेली. अन् मी... मी बी तेच सांगतलं."

मंजुषाला बापाचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी कीवही कधी आली नव्हती. ज्या हातांकडून ती पत्रा ठोकायला शिकली तेच हे हात. बोलण्यासारखं जे होतं ते बापाला ठाऊकच होतं.

संध्याकाळी रजतचा फोन आला. धरमकाट्यावरची गोष्ट नागपूरला पोहोचली होती.

"ऐका, ती डावी सीट काढून टाका. जाळून टाका. मी नवी पाठवतो, सेम डिझाइनची. घरात आई रडतेय."

"सीट मूळची हाये. तुमाले गाडी मूळची पायजे होती ना?"

"अहो पण त्या सीटवर..." त्याचा आवाज खाली आला. "आम्हाला माहीत आहे त्या सीटचं. घरात सगळ्यांना माहीत आहे. उतरवा तिला काहीही करून. नाहीतर मी उद्याच गाडी बबनरावांकडे हलवतो."

घरात सगळ्यांना माहीत होतं! साठ वर्षं कुलूप लावून ठेवलं, आणि आता मिरवायला गाडी हवी, बाई नको. मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हलवून पाहा. दसऱ्याले अकरा वाजता येजा. गाडी सरळ उभी असन. तिले मात्र मी ओढून काढनार नाई, कोणाले काढूबी देणार नाई. तिची चक्कर बाकी हाये, थे मी मारून आनते."

दसऱ्याच्या सकाळी तिनं गाडी धुतली, बॉनेटला झेंडूचा हार घातला, डॅशबोर्डवर आडवं तोरण बांधलं. अण्णाजी काठी टेकत डाव्या दाराशी आले. कुंकवाची बोटं त्यांनी रिकाम्या हवेत पुढं केली, कपाळ कुठं असेल ते आठवत. त्यांना काही बोलायचं होतं. ओठ हलले. पण त्याआधीच डावं दार, जे उघडंच होतं, खट्कन लागलं. अण्णाजी मागं सरले.

मग मंजुषानं देवळीतून चक्कर मारली. बाजारातून, बसस्टँडवरून, शाळेपुढून. रस्त्यातल्या माणसांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग डाव्या सीटकडं, आणि रस्ता दिला. सोनं घेऊन निघालेल्या, एकेकाळी जिनिंगमध्ये कामाला असलेल्या म्हाताऱ्या आनंदाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, ओळखीच्या कोणाला पाहावं तसा. वारा भन्नाट होता. तोरणाचं उजवं टोक फडफडत होतं, झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या. डावं टोक, कोणी धरून ठेवल्यासारखं, हलत नव्हतं. टपरीपुढून जाताना मंजुषानं हॉर्न दाबला, गरज नसताना, आणि बबनरावांच्या हातातली बशी तशीच राहिली. तिला मोठ्यानं हसू आलं. आणि तेव्हा, अगदी कानाशी, तिच्याबरोबर दुसरंही कोणी हसलं. भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच नंतर जरा भीती वाटली.

जिनिंगच्या फाटकापाशी तिनं गाडी थांबवली. "झाली चक्कर जिजाबाई. आता मन भरलं असन तं उतरजा..."

कमानी कुरकुरली. डावी बाजू हळूहळू, सावकाश वर आली.

गॅरेजात येऊन तिनं पाण्याची नळी लावली. चारही बाजू एका रेषेत. तिनं नळी दोनदा, तीनदा लावून पाहिली आणि तिथंच जमिनीवर बसून घेतलं. दारातल्या खुर्चीवर अण्णाजी पोरासारखे रडत होते.

अकराला रजत आला. गाडीभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं, उभा राहून पाहिलं. चेहरा खुलला. "मानलं तुम्हाला. मिस्त्री कोण होता सोबत?"

"मीच मिस्त्री," मंजुषा म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

त्यानं नारळ फोडला, चाकांपुढं लिंबं ठेवली. उजवं दार उघडायला पुढं झाला. आणि मंजुषाला कमानीचा आवाज आला. तो आवाज आता तिनं झोपेतही ओळखला असता. गाडी बसत होती. पण डावीकडं नाही. उजवीकडं, स्टीअरिंगच्या बाजूला.

"रजतबाबू, थांबा... मागं व्हा."

"काय झालं?"

उजव्या सीटचं चामडं दबलं. सरकीचा वास आला. इंजिन एका दमात सुरू झालं, तिनं सहा महिने खपून लावलेलं, कुठंही न चुकणारं. क्लच दबला, गिअर पडला, आणि गाडी लिंबं चिरडत दाराकडं निघाली. रजत भिंतीला चिकटला. शटर पाडा, असं काहीतरी तो ओरडत होता. कोणी हललं नाही.

गाडी दाराशी गेली आणि थांबली. अण्णाजींच्या खुर्चीपुढं. डावं दार आपोआप उघडलं. आतली सीट रिकामी होती, सपाट, एकही सुरकुती नसलेली.

अण्णाजींनी त्या सीटकडं पाहिलं. मग काठी टेकून उठायला लागले.

"मंजू, तू मधात येऊ नको. मले बलावून राह्यली थे."

"बसा तुमी बाबा."

"पोरी, कुलूप मी लावलं."

"मी बी त्याच हातचं खाल्लं हाये. बसा म्हटलं ना."

तिनं बापाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. तिनं ओढणी कमरेला खोचली, गाडीला वळसा न घालता सरळ पुढं गेली, डाव्या सीटवर बसली आणि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं. उजवीकडं तिनं मान वळवून पाहिलं. काय दिसलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त म्हणाली,

"चाल जिजाबाई. तुले पायजे तठी ने. पन वापस आनून सोडजो, माहं काम पडलं हाये."

गाडी पुलगाव रोडला लागली आणि दिसेनाशी झाली. रजत भिंतीपाशीच उभा होता. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती.